घोड्याने चंदी सोडली की काय करायचं? वाचकांचे प्रश्न, डॉक्टरांची उत्तरं

या वेळी पत्रं सगळी घोडेवाल्यांचीच घेतलीत कारण ढीग साचला होता. एक गोष्ट आधीच सांगून टाकतो, मग उत्तरं. जवळपास प्रत्येक पत्र आजाराच्या नावानेच सुरू होतं, लघवी अडकलीय, वारं भरलंय, नजर लागलीय, आणि घोडा नक्की काय करत होता ते कुठेतरी शेवटी एका ओळीत येतं, कधी येतच नाही. माझ्यासाठी ती शेवटची ओळच खरं पत्र असते बघा. रोज खरारा करणाऱ्या माणसाला घोडा बिघडला हे माझ्या चार तास आधी कळतं, त्यात वादच नाही. घोटाळा होतो तो पुढच्या तासात, नाव ठेवण्यात आणि त्या नावावरून काहीतरी पाजण्यात.

प्रश्न (माथेरान): डॉक्टर, आमचा नऊ वर्षांचा घोडा आहे, टुरिस्ट फिरवतो. रविवारी दिवसभर धंदा झाला, संध्याकाळी चंदी (दाणा) घातली आणि तासाभरात घोडा पाय ताणून उभा राहायला लागला, लघवीला उभा राहतो तसा, पण लघवी होईना. जमीन उकरायचा, मान वळवून पोटाकडे बघायचा. सगळे म्हणाले लघवी अडकली. काकांनी मोहरीच्या तेलात ओवा हिंग घालून बाटलीने पाजलं आणि दोन तास पळवला. रात्री उतार पडला. पण आता तिसऱ्या दिवशी खोकतोय, अंग गरम आहे, नाकातून पिवळट येतंय. हे नवीन दुखणं आहे का सर्दी?

उत्तर: दादा, सर्दी समजून थांबू नका, हे वाचाल तेव्हा उशीर झाला नसेल अशी आशा करतो, म्हणून तुम्हाला वेगळं कळवलंच आहे. बाटलीने तेल पाजल्यावर दोन-तीन दिवसांत खोकला आणि ताप आला तर पहिला संशय एकच, तेल फुप्फुसात गेलंय. घोड्याचं तोंड वर धरून बाटली ओतली की त्याला नीट गिळता येत नाही, आणि तेलाची गंमत अशी की पाण्याने ठसका लागतो तसा तेलाने लागेलच असं नाही, मुकाट्याने श्वासनळीत उतरतं. त्यातून होणारा न्यूमोनिया बरा करणं फार अवघड जातं. पोटाच्या दुखण्यातून वाचलेला घोडा औषधाने जातो तो असा.

आता लघवीचं. ताणून उभं राहणं तुम्ही बघितलं ते शंभर टक्के खरं, पण घोड्याची लघवी अडकणं हा फार क्वचितचा प्रकार आहे. पोटात कळ आली की घोडा पोटावरचा ताण कमी करायला तसाच उभा राहतो. कळ गेली की लघवी पण करतो, मग सगळ्यांना वाटतं लघवी सुटली म्हणून बरा झाला! उलटं आहे ते, बरा झाला म्हणून लघवी केली. तुमच्या काकांच्या औषधालाही तेच, पोटशुळाचे बरेचसे घोडे साध्या वाताने किंवा आतड्याच्या आकड्याने कळवळतात आणि थोड्या वेळाने आपोआप बरे होतात, त्या वेळेत जो काही पाजेल त्याचं नाव होतं.

पण जे आपोआप बरे होत नाहीत त्यांचं काय? घोड्याला उलटी होत नाही. अन्ननळी जिथे जठरात उतरते तिथली झडप इतकी घट्ट असते की आतलं बाहेर येतच नाही. जठर तसं लहान असतं, ८ ते १५ लिटरचं, आणि पुढे वाट बंद असेल तर ते फुगत जातं आणि फुटतं. अशा घोड्याला वरून अजून लिटरभर तेल म्हणजे काय ते समजून घ्या. डॉक्टर नाकातून लांब नळी घालून आधी साठलेलं बाहेर काढतो, मगच गरज असेल तर त्याच नळीने तेल देतो. फरक आहे तो वाटेचा.

तुमच्याकडे दस्तुरी नाक्याच्या पुढे मोटारी येत नाहीत, डॉक्टर वर पोचायला वेळ जातो हे मला माहितीये, आणि म्हणूनच तर फोन आधी करायचा, काकांना नंतर बोलवायचं. डॉक्टर येईपर्यंत खाणं बाजूला काढा. घोडा शांत उभा असेल किंवा शांत पडला असेल तर राहू दे. लोळतच असेल तर दहा-पंधरा मिनिटं हळू चालवा, पळवायचं नाही, दोन दोन तास तर अजिबात नाही, आधीच दुखण्याने दमलेल्या जनावराचं पाणी तुम्ही घामातून काढताय.

या वेळात तीन गोष्टी बघून ठेवा. जबड्याच्या खालच्या कडेला आत बोटं लावली की नाडी लागते, १५ सेकंद मोजून चारने गुणा. आरामात २८ ते ४४ असते, ६० च्या वर गेली आणि तिथेच राहिली तर प्रकरण गंभीर. वरचा ओठ उचलून हिरडी बघा, गुलाबी हवी, अंगठ्याने दाबून सोडली की दोन सेकंदात रंग परत यायला हवा, विटकरी लाल किंवा जांभळट असेल तर मला लगेच सांगा. आणि कुशीला कान लावा, दोन्ही बाजूंना. गुडगुड चालू असेल तर बरं. दोन्हीकडे सामसूम असेल तर ती शांतता चांगली नाही.

रविवारचं मात्र मनावर घ्या. दिवसभर उन्हात फेऱ्या, पाणी कमी, आणि संध्याकाळी दमलेल्या घोड्यापुढे एकदम तोबराभर हरभरा-भरडा. गर्दीच्या दिवसानंतर माझ्याकडे पोटाचे फोन वाढतात ते यामुळेच. आधी पाणी, मग गवत, मग तासा-दीड तासाने चंदी, तीही थोडी. मध्यम घोड्याला साध्या दिवशी २५-३० लिटर पाणी लागतं, कामाच्या उन्हाच्या दिवशी त्याहून बरंच जास्त.

प्रश्न (नाशिक): वरातीची घोडी आहे. गेल्या लग्नात लोकांनी बुंदी, पुऱ्या, गूळ काय काय खायला घातलं, आणि घरी आल्यावर पोराने गव्हाचं पोतं उघडं ठेवलं त्यात पण तोंड घातलं. त्या रात्री काही नाही झालं. तिसऱ्या दिवसापासून पुढचे पाय पुढे टाकून मागे रेलून उभी राहते, वळायला बघत नाही. सगळे म्हणतात खांदे आखडले, चालवली की मोकळे होतील. गरम पाण्याने शेकतोय आणि रोज चालवतोय. सीझन आहे, चार सुपाऱ्या घेतल्यात, कधीपर्यंत उभी राहील?

उत्तर: भाऊ, आधी चालवणं बंद. आत्ता, आजपासून. खांदे नाहीत ते, खूर आहेत. घोडी मागे रेलते कारण पुढच्या खुरांच्या टोकावर भार नको झालाय, सगळं वजन टाचेवर घ्यायला बघतेय. खुराला हात लावा, गरम लागेल, आणि खुराच्या वर गाठीपाशी मागच्या बाजूला बोट ठेवा, एरवी शोधावी लागते ती नाडी धडधड लागेल.

झालं असं की गहू आणि गोड एकदम पोटात गेलं, जठर-आतड्यात पचलं नाही, मागच्या मोठ्या आतड्यात जाऊन आंबलं, तिथले जंतू मेले, विषं रक्तात उतरली, आणि खुराच्या कवचाला आतल्या हाडाशी धरून ठेवणारे जे पापुद्रे असतात ते सुजले. जास्त झालं तर ते सुटतात आणि हाड खाली फिरतं, तळव्यातून बाहेर पण येतं. प्रत्येक पाऊल म्हणजे ते पापुद्रे अजून उचकटणं, म्हणून चालवायचं नाही. आणि शेकायचं तर मुळीच नाही, सुरुवातीच्या दोन दिवसांत बर्फाच्या पाण्यात गुडघ्याच्या खालपर्यंत पाय बुडवून ठेवणं हा त्यातल्या त्यात मोठा उपाय आहे. तुमचा तो वेळ गेला, तरी आता जाड वाळूचं अंथरूण करा, दाणा पूर्ण बंद, फक्त सुकं गवत, डॉक्टर बोलवा, एक्स-रे निघत असेल तर काढा, नालबंदाला डॉक्टरशी बोलूनच हात लावू द्या.

कधी उभी राहील विचारलंत. या सीझनला नाही. चार सुपाऱ्यांची विसार परत करा, शेजारच्याची घोडी द्या, काहीही करा. माहितीये सोपं नाही, वर्षाची कमाई त्या दोन-तीन महिन्यांत असते आणि मी खुर्चीत बसून बोलतोय. पण ही घोडी आत्ता नाचवलीत तर पुढच्या सीझनला घोडीच नसेल.

आणि खरी इमर्जन्सी तिसऱ्या दिवशी नव्हती, पोतं उघडं सापडलं त्या रात्री होती. दुखणं दिसायला दिवस-दोन दिवस जातात. घोड्याने भरपूर धान्य खाल्लं असं कळलं की तो ठणठणीत दिसत असला तरी तेव्हाच फोन करायचा. वऱ्हाड्यांना बुंदी घालू द्यायची नाही हे तर आहेच, तिथे जरा कडक व्हा, नवरदेवाचा मामा रागावला तर रागावू दे.

प्रश्न (सांगली): शर्यतीच्या घोड्याच्या पुढच्या पायाची शीर सुजलीय. जुने लोक डाग द्यायला सांगतात, आमच्या वडिलांनी कितीतरी घोडे डाग देऊन पळवले. तुम्ही डॉक्टर लोक विरोध का करता?

उत्तर: वडिलांचे घोडे बरे झाले यावर माझा विश्वास आहे. पण डाग दिल्यावर ते काय करायचे आठवा. घोडा बांधून ठेवायचे, महिनोन्‌महिने, कारण भाजलेल्या पायाचा घोडा पळणारच नाही. ती विश्रांती हेच औषध होतं. शिरेची दोरी, म्हणजे स्नायूला हाडाशी बांधणारा कंडरा, तुटली-उसवली की ती भरायला महिने लागतात, कधी वर्षसुद्धा, आणि डाग न देता तेवढीच विश्रांती दिली तर घोडा तेवढाच बरा होतो, शिवाय वरची चांगली कातडी जळत नाही. अडचण अशी की डाग नसला तर मालकाला धीर धरवत नाही, सूज उतरली की पंधरा दिवसांत गाडीला जुंपतो. म्हणजे डाग खरा मालकाला लागायचा, असं मी गमतीने म्हणतो. पहिले दोन-तीन दिवस गार पाण्याची धार, वीस-वीस मिनिटं, दिवसातून चार वेळा, मग पट्टी. शिरवळच्या किंवा परळच्या पशुवैद्यकीय कॉलेजात सोनोग्राफीची चौकशी करा, दोरी किती उसवलीय कळलं की किती थांबायचं ते कळेल.

प्रश्न (शहादा तालुका): दत्तजयंतीच्या सारंगखेड्याच्या यात्रेतून शिंगरू घेतलं, दीड वर्षाचं. भोवरे-बिवरे (अंगावरचे केसांचे, शुभ-अशुभ मानतात ते) सगळे बघून घेतलं, एकदम चांगलं होतं. घरी आणून दहा दिवस झाले, नाकातून घट्ट शेंबूड, जबड्याखाली गाठ आलीय. शेजारी म्हणतो ग्लँडर्स असेल तर सरकार मारून टाकेल, कुणाला सांगू नको. काय करू?

उत्तर: भाऊ, भोवरे बघितले तसं नाक बघितलं असतंत तर... जाऊ दे. कोवळ्या शिंगराला जबड्याखाली गरम, दुखरी गाठ येऊन ती पिकून फुटणं, हे बहुतेक वेळा स्ट्रँगल्स असतं, जंतूंचा आजार, पसरतो खूप पण नीट बघितलं तर बहुतेक शिंगरं वाचतात. ग्लँडर्समध्ये चिकट शेंबडासोबत नाकात आतून जखमा, पायावर-पोटावर शिरांच्या रेषेत गाठी येऊन फुटणं, घोडं खंगत जाणं असं दिसतं. पण डोळ्याने बघून खात्री कुणीच देऊ शकत नाही, मीही नाही. रक्त तपासावं लागतं, ते पशुसंवर्धन खात्यामार्फत हिसारच्या राष्ट्रीय अश्व संशोधन केंद्रात जातं.

शेजाऱ्याची भीती खोटी नाही. ग्लँडर्स पक्का निघाला तर जनावर ठेवता येत नाही, २००९ च्या जनावरांच्या संसर्गजन्य रोगांच्या कायद्यात तो येतो, उपचार करत बसायचं नाही असं धोरण आहे, आणि लस नाही. नुकसानभरपाईची तरतूद आहे, पण घोड्याची खरी किंमत त्यात निघत नाही हे सगळ्यांना माहितीये आणि लोक लपवतात ते त्यामुळेच, त्यांना नुसता दोष देऊन उपयोग नाही. पण हा आजार माणसाला होतो. शिंगराच्या नाकाशी तुमची पोरं खेळत असतील. कितीतरी वर्षं देशात दिसत नव्हता तो २००६ मध्ये परत आला तेव्हा आपल्या महाराष्ट्रातच सापडला होता, त्यामुळे उत्तरेकडचा रोग म्हणून हात झटकू नका.

आजच शिंगरू लांब बांधा, वेगळी बादली, वेगळा खरारा, वेगळं अंथरूण. त्याचं काम शेवटी करायचं, बाकीच्या घोड्यांचं आधी, हातमोजे घाला, नाक-तोंड झाका. पोरांना लांब ठेवा. सरकारी दवाखान्यात स्वतः जाऊन सांगा. रिपोर्ट येईपर्यंत विकू नका, दुसऱ्या बाजारात तर नेऊच नका. आणि पुढच्या यात्रेपासून एक नियम करा, नवीन जनावर घरी आलं की तीन आठवडे वेगळं, रोज दोनदा ताप बघायचा.

प्रश्न (मंगळवेढा): घोडी खाते पिते तरी खंगत चाललीय. ताप येतो, दोन-चार दिवसांनी जातो, परत येतो. पोटाखाली आणि पायाला सूज. एका ठिकाणी अंगारा लावून आणला, ताप गेला, आठ दिवसांनी परत. परत गेलो, परत गेला. आता ते म्हणतात कुणीतरी केलंय.

उत्तर: ताई, ताप अंगाऱ्याने जात नाहीये, या आजाराचा ताप मुळातच येतो-जातो. सर्रा म्हणतात त्याला. रक्तात एक परजीवी शिरतो, पावसाळ्यात आणि त्यानंतर ज्या मोठ्या चावऱ्या माश्या होतात त्या एका जनावराचं रक्त पिऊन दुसऱ्याला चावतात तेव्हा पसरतो. परजीवी रक्तात वाढले की ताप चढतो, शरीराने मारले की उतरतो, उरलेले रूप बदलून परत वाढतात. त्यामुळे उताराच्या वेळी ज्याने काही केलं असेल, अंगारा असो नाहीतर दुकानातली तापाची गोळी, त्याला यश मिळाल्यासारखं वाटतं. खाऊन खंगणं, पोटाखाली सूज, हे सगळं जुळतंय, मागून लटपटते का, हिरड्या फिकट आहेत का तेही बघा.

रक्त तपासायचं ते ताप चढलेला असताना, उतरल्यावर काढलेल्या रक्तात परजीवी सापडत नाहीत आणि रिपोर्ट निल येतो, मग लोक म्हणतात बघा, डॉक्टरला पण काही सापडलं नाही. सकाळ-संध्याकाळ ताप लिहून ठेवा आणि चढला त्याच दिवशी फोन करा. औषध आहे, क्विनापायरामाइन वगैरे, पण त्याचा डोस वजनावर आणि रिअ‍ॅक्शन सांभाळून द्यावा लागतो, मेडिकलमधून आणून स्वतः टोचू नका. गोठ्यात म्हशी, कुत्रं असेल तर तेही सांगा, त्यांच्यात पण हा असतो. घरात दिवा लावायचा असेल तर लावा, त्याला माझी ना नाही. कुणी केलंय म्हणून शेजाऱ्याशी भांडण मात्र घेऊ नका.

थोडक्यात

खिळा लागला, काढला, हळद भरली. अजून काही? (महाबळेश्वर) हो, धनुर्वाताचं इंजेक्शन, आजच. घोडा धनुर्वाताला सगळ्यात नाजूक जनावरांपैकी एक. कान ताठ, शेपटी वर, पाय लाकडासारखे, डोळ्याच्या कोपऱ्यातून पांढरा पडदा पुढे येणं, असं दिसायला लागल्यावर फार थोडे वाचतात. आणि लस वर्षावर्षाला टोचून घ्या, खिळा लागायची वाट बघू नका. पुढच्या वेळी खिळा स्वतः उपटू पण नका, जमलं तर तसाच ठेवून डॉक्टरला दाखवा, किती खोल आणि कुठल्या दिशेने गेलाय ते कळतं.

गाईला देतात ते दुखण्याचं इंजेक्शन घरात आहे, घोड्याला चालेल? (अकोला) नको. डायक्लोफिनॅक असेल तर जनावरांसाठी त्यावर २००६ पासून बंदीच आहे, ते दिलेलं जनावर मेलं आणि गिधाडांनी खाल्लं की त्यांच्या किडन्या बंद पडतात, आपल्याकडची गिधाडं त्यातच संपत आली. दुसरं, पोटशुळात आधीच दुखणं दाबलं तर आतलं आतडं पिळलंय का ते कळत नाही. आणि घोड्याच्या मानेत शिरेला लागूनच धमनी असते, इंजेक्शन चुकून तिथे गेलं तर घोडा जागेवर कोसळतो.

घोड्याचा ताप कसा बघायचा, हात लावून कळतो की. (पुणे) उन्हात उभ्या घोड्याचं अंग गरम लागणारच. माणसाचा डिजिटल थर्मामीटर चालतो, तेल लावून गुदद्वारात, मागे दोरी बांधून धरा नाहीतर आत जाईल. बाजूला उभं राहायचं, मागे नाही. ९९.५ ते १०१.३ फॅरनहाइट ठीक. आपल्या घोड्याचा नेहमीचा ताप किती ते तो बरा असताना आठवडाभर बघून भिंतीवर लिहून ठेवा.

डॉक्टरला फोन केला की ते दहा प्रश्न विचारतात आणि आम्हाला काही सांगता येत नाही. (वाई) शेवटची लीद कधी टाकली, कशी होती. पाणी किती प्यायला. चंदी कधी, काय, बदलली का. ताप आणि नाडी. कधीपासून, आणि आत्तापर्यंत काय काय दिलंत ते सगळं, दारू पाजली असेल तर तेही, कुणी ओरडणार नाही. मोबाइलवर एका मिनिटाचा व्हिडिओ काढा, घोडा उभा कसा आहे तो लांबून आणि चालतो कसा तो बाजूने. नेहमीचा डॉक्टर उचलत नसेल तर १९६२ या जनावरांच्या हेल्पलाइनवर लावा. आणि फोन घोड्याजवळ उभं राहून करा, बाजारातून नको, अर्धी उत्तरं तिथे बघूनच द्यायची असतात.